पिशव्या कोण राखणार?

गेल्या दिवाळीत आम्ही घरातले अकरा जण एका मोठ्या वॉटर पार्कला गेलो होतो. संध्याकाळी परतताना गाडीत नऊ वर्षांच्या नातवाने पणजीला विचारलं, “आजी, तू काय काय पाहिलं?” माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी नीट आठवून सांगितलं, “चपला पाह्यल्या. दहा जोड होते. तुह्या बापाच्या एका चपलेचा अंगठा तुटेल हाय, शिवून घे म्हणा त्याले.”

सगळे हसले, मीही हसले. अकोल्याच्या अलीकडे टोलनाक्यावर गाडी थांबली तेव्हा मात्र माझ्या ध्यानात आलं, की त्यांनी गंमत केलीच नव्हती. विचारल्याचं खरं उत्तर दिलं होतं. सकाळी दहापासून पाच वाजेपर्यंत त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. पुढ्यात आठ पिशव्या, दहा जोड चपला आणि ओले टॉवेल. गुडघ्यांमुळे मीही पाण्यात उतरले नाही, म्हणून त्यांच्याजवळ बसले. आमच्या ह्यांनी सावलीचा एक तुकडा शोधून पेपर वाचायला घेतला आणि निविदांच्या जाहिरातींपर्यंत वाचून काढला. मुलगा आणि सून घसरगुंडीच्या रांगेत आळीपाळीने उभे. पंधरा वर्षांची नात फोन कुठे ठेवायचा या काळजीत अर्धा दिवस कोरडीच राहिली. मजा आली ती एकट्या नातवाला, आणि तोही परतीच्या वाटेत कोणाच्या तरी मांडीवर झोपून गेला. माझ्या धाकट्या दिरांनी तिकीट खिडकीशीच हिशोब केला होता, अकरा तिकिटं म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल तूर. ते शेतकरी आहेत, त्यांना पैसा पोत्यातच दिसतो.

पार्कची काही चूक नव्हती. पाणी स्वच्छ होतं, कर्मचारी नीट बोलत होते. चुकलं आमचंच. नऊ वर्षांच्या पोराच्या सहलीला आम्ही अख्ख्या घराची सहल म्हणालो आणि चार पिढ्या त्याच्यामागे फरफटत नेल्या. तेव्हापासून कोणी सहलीचा बेत मांडला की मी आधी एकच विचारते, पिशव्या कोण राखणार? त्या राखायला घरातलं एक माणूस दिवसभर बसवावं लागणार असेल, तर ती सहल घराची नव्हे. आणि बहुतेक वेळा ते माणूस घरातलं सगळ्यात म्हातारं असतं, नाहीतर सगळ्यात गप्प बसणारी बाई असते.

मुलगा म्हणाला, “आई, मग काय करायचं? आजीला घेऊन कुठे जाता येतं?” तो पुण्यात राहतो, त्याला वर्षातून दोनदा सुट्टी मिळते. त्याचा प्रश्न बरोबर होता. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो आला तेव्हा मी म्हटलं, या खेपेस चार दिवस मी ठरवते. तेच चार दिवस इथे मांडते आहे. त्यातले दोन जमले, एक निम्मा जमला, आणि एक दिवस आम्ही काहीच केलं नाही.

पहिला दिवस रोडग्यांचा. दर्यापूरकडे आमचं वडिलोपार्जित शेत आहे, दीर ते कसतात. बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, तेलाचं मोहन घालून, आत पदर धरून वळलेले गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. त्या निखाऱ्यांच्या थराला आमच्याकडे जगरं म्हणतात. भाजलेला रोडगा फडक्याने पुसायचा, हाताने फोडायचा, त्यात तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नवस फेडायला, देवाच्या भंडाऱ्याला, किंवा नुसती पिकं उभी आहेत म्हणून वऱ्हाडात गावोगाव रोडगे होतात.

या सगळ्या प्रकारात एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. रोडगे पुरुष करतात. कायदा नाही, पण रीत तशी आहे. जगरं तापलं की जवळ उभं राहवत नाही, कणीक परातभर मळायची असते, भाजीचं गंज दोघांनी धरून उतरवावं लागतं. म्हणून ते काम बाप्यांकडे गेलं आणि तिथेच राहिलं. माझ्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. या सदतीस वर्षांत सहल म्हणजे माझ्यासाठी स्वयंपाकघराची जागा बदलणं होतं. पहाटे उठून पुऱ्या लाटायच्या, दशम्या बांधायच्या, लोणच्याची बरणी सांडणार नाही अशी ठेवायची, आणि तिथे पोचून पुन्हा वाढायला बसायचं. त्या दिवशी मी आणि माझी जाऊ कडुनिंबाखालच्या बाजेवर बसलो. अकरा वाजले, बारा वाजले, आम्हाला कोणी चहासुद्धा मागितला नाही. जाऊ म्हणाली, “वहिनी, हात कुठी ठेवावं समजून नाई राह्यलं.” अर्थात आदल्या रात्री मसाला आम्हीच वाटला होता, ते लपवत नाही.

आमचे हे बँकेत नोकरी करून निवृत्त झाले. कणीक मळताना नोटा मोजल्यासारखे पुटपुटत होते. मुलाने पहिला रोडगा वळून आजीला दाखवायला नेला. आजीने तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, “हा गोटा हाय. कोणाच्या टाळक्यात घालतं का?” मग त्याच्या हातात हात धरून पदर कसा धरायचा ते दाखवलं. वॉटर पार्कात सात तासांत जिला एकाही माणसाने काही विचारलं नव्हतं, तिला इथे दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी विचारत होतं. जगरं झालं का? आजीने तळवा वर धरून पाहायचं आणि मान हलवायची. धूर आहे तोवर नाही. रोडगा शिजला का? बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा. ते ज्ञान घरात दुसऱ्या कोणाकडे नाही, यूट्यूबवर पाहून येत नाही. नातवाकडे गोवऱ्या आणायचं काम होतं. ओली गोवरी आणली की परत पाठवायचे, त्यामुळे तासाभरात तो गोवऱ्यांचा परीक्षक झाला. नात आणि सून वांगी तोडायला गेल्या. सून नाशिकची. काटेरी वांगं कसं धरायचं ते तिला दिरांनी शिकवलं, आणि हरभऱ्याच्या आंबेने बोटं कशी चुरचुरतात ते तिचं तिनेच शिकून घेतलं.

दुपारी पुतणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावयांनी, शेतातल्या बोअरचं पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं. ते बाहेरचे, त्यांना ठाऊक नव्हतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेलेला आहे. वर काळीभोर जमीन, खाली खारट पाणी. विहीर खोदली तरी ओलिताला उपयोग नाही आणि पिण्याला तर नाहीच. म्हणून इथे कोरडवाहू कापूस, तूर, हरभरा, आणि म्हणून आम्ही पाणी घरून कॅनमध्ये नेलं होतं. मग आजीने सांगितलं, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने गोडं पाणी भरत, आणि झिऱ्यापाशी रात्रीपासून नंबर लागे. नात भूगोलाच्या पुस्तकात ‘क्षारयुक्त भूजल’ शिकलेली आहे. तिने पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवून विचारलं, “म्हणजे रात्रभर जागायचं? पाण्यासाठी?” मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. असा प्रश्न विचारणारा वर्ग मला फार वेळा मिळाला नाही.

पळसाच्या पत्रावळी मांडून जेवलो तेव्हा तीन वाजले होते. एवढा उशीर झाला तरी कोणी कुरकुरलं नाही, कारण उशीर कशामुळे झाला ते प्रत्येकाला ठाऊक होतं. भांडी मुलाने राखेने घासली. आजीने ती परत एकदा घासून घ्यायला लावली, ते वेगळं.

आराम म्हणजे काहीच न करणं, असं आपण धरून चाललो आहोत. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली, की आपलं कर्तव्य संपलं. पण त्यांना बसायचा कंटाळा घरीही येतोच, त्यासाठी तिकीट काढायची काय गरज? त्यांना हवं असतं थोडंसं काम, ज्यात त्यांचा शब्द चालेल. लहानांनाही तेच हवं असतं. मधल्या पिढीला मात्र उलटं हवं असतं, त्यांच्या डोक्यावरची कामं थोडी कोणीतरी उचलावीत. रोडग्याच्या जगऱ्याभोवती हे तिन्ही एकाच वेळी झालं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्या काळात सहल हा शब्द नव्हता त्या काळच्या लोकांनी तो बेत असाच बसवला आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही. आजी झोपल्या, मी झोपले, दुपारी नातवाला घेऊन दीर शकुंतलेचे रूळ दाखवायला गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शकुंतला म्हणजे आमची अरुंद रुळांची गाडी. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस वाहायला हा मार्ग बांधला. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला जाई, दुसरा यवतमाळला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं, त्यानंतर डिझेल आलं. आता गाडी धावत नाही.

माझं आजोळ अंजनगाव सुर्जीचं. लहानपणी मूर्तिजापूरला गाडी बदलून आम्ही शकुंतलेत बसायचो आणि मामाकडची सुट्टी त्या डब्यातच सुरू व्हायची. गाडी एवढी हळू, की वाटेत लोक उतरून परत चढत. डब्यात भुईमुगाच्या शेंगा, कोंबड्या, माहेरवाशिणी, कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे. माझी आजी शेंगा सोलायची, आम्ही खायचो, आई डोळे मिटून बसायची. आईला झोपलेलं मी फक्त त्याच गाडीत पाहिलं आहे. तिला तिथे काही करता येण्यासारखं नव्हतंच. आपण नेहमी कुठे जायचं ते ठरवतो. वाट कशी असावी याचा विचार करत नाही. चार तासांचा रस्ता दोन तासांत कापला म्हणून आनंद मानतो आणि उरलेले दोन तास पार्किंग शोधण्यात घालवतो.

तिसरा दिवस कौंडण्यपूरचा. अमरावतीहून चाळीसेक किलोमीटर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. रुक्मिणीचं माहेर. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं मानतात. दमयंती, लोपामुद्रा आणि अजराजाची इंदुमती यांची नावंही या गावाशी जोडतात. आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. चारशेहून अधिक वर्षांची ही परंपरा, विदर्भातली सर्वांत जुनी मानली जाणारी पालखी, आणि मुलीला सासरी पोचवायला माहेरची माणसं पायी निघतात हा तिच्यामागचा भाव.

मी हे ठिकाण निवडलं ते देवासाठी कमी आणि भांडणासाठी जास्त. भांडण असं, की कृष्णाने रुक्मिणीला नेलं कुठून? कौंडण्यपूरची माणसं म्हणतात इथल्याच अंबिकेच्या देवळातून. अमरावतीची माणसं म्हणतात आमच्या अंबादेवीच्या देवळातून, आणि तिथपर्यंत भुयार होतं. सासूबाई अमरावतीच्या, राजकमल चौकापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या. त्यांनी भुयाराची बाजू घेतली. दीर कौंडण्यपूरच्या बाजूने. नातवाने फोनवर अंतर मोजलं आणि एवढं लांब भुयार खोदायला किती माणसं लागली असतील याचा हिशोब मांडला. नात म्हणाली, भुयार होतं की नाही ते सोडा, तिने स्वतः पत्र लिहून बोलावलं होतं ना? मग त्याला हरण का म्हणतात? नदीच्या घाटावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, “बराबर हाय पोरीचं. ती गेली. तिले कोणी नेलं नाई.”

पंधरा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याऐंशीची बाई एकाच गोष्टीवर बोलल्या, आणि एका बाजूने बोलल्या. अशा वेळी मधल्या आईने, आणि मधल्या आजीने, गप्प बसावं. आम्ही बसलो. घाटाच्या पायऱ्यांवर नातू पाण्यात पाय सोडून बसला होता, त्यालाही कुठे जायची घाई नव्हती.

चौथा दिवस चिखलदऱ्याचा, आणि तो निम्माच जमला. त्यात चूक आमची, पण सगळी आमची नाही. चिखलदरा आमचं थंड हवेचं ठिकाण. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच, मेळघाटाच्या कुशीत. हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये जागा हेरली. पुढे इंग्रजांनी कॉफी लावली, ती अजून आहे. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं, अशी आख्यायिका. परतवाड्याहून वर चढताना घाटात नातवाला उलटी झाली, सुनेचं डोकं चढलं, आणि वर पोचल्यावर ड्रायव्हरने विचारलं, “किती पॉइंट करायचे?”

हा प्रश्न ऐकला की माझं मन खट्टू होतं. देवी पॉइंट, पंचबोल, हरिकेन, मोझरी, भीमकुंड. एक करा, गाडीत बसा, दुसरा करा, गाडीत बसा. दरीपुढे उभं राहायचं, फोटो काढायचा, हॉर्न वाजला की परत. वॉटर पार्कमधल्या घसरगुंड्या मोजतात तसेच आपण डोंगर मोजतो. दुसऱ्याच पॉइंटला सासूबाई म्हणाल्या, मी गाडीतच बसते. आणि बघता बघता पर्स, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या त्यांच्या शेजारी येऊन पडल्या. मला दिवाळी आठवली. मी ड्रायव्हरला म्हटलं, भाऊ, आता एकच करू. गाविलगड.

तिथे आमच्या ह्यांचं राज्य. बँकेत चाळीस वर्षं काढली, पण मन इतिहासात. गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधला. नंतर एलिचपूरच्या इमादशाहीकडे, मग मोगलांकडे, मग नागपूरच्या भोसल्यांकडे. १८०३ च्या नोव्हेंबरात आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला. तोच वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. नातवाला नेपोलियन व्हिडिओ गेममधून ठाऊक आहे. त्याला हरवणारा माणूस आपल्या शेताच्या बाजूने, तेल्हाऱ्याकडून गेला, हे त्याला खरं वाटेना. दरवाज्यावरचं दोन डोक्यांचं गंडभेरुंड, त्याच्या नख्यांत सापडलेले हत्ती, हे पाहायला तो आजोबांचा हात धरून तीनदा गेला.

आणि आजी? पहिल्या दरवाज्यापर्यंत आल्या. पुढे दगडी चढण, धरायला कठडा नाही, टेकायला ओटा नाही. एका चिऱ्यावर चादर टाकून त्यांना बसवलं. माझी सून त्यांच्याजवळ थांबली. कंटाळून नव्हे, तिला उन्हात बसायचं होतं. पण बायकांना जायला जागा कुठे, या प्रश्नाशी आमचा दिवस संपला. सगळ्या बायकांनी सकाळपासून पाणी कमी प्यायलं होतं, हे नंतर एकमेकींना सांगितल्यावर कळलं. सहलीला निघालेली वऱ्हाडातली बाई तहान मारते, हे कोणत्याही पर्यटन आराखड्यात लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

माझं सरकारला, पालिकेला, वनखात्याला, सगळ्यांना मिळून एकच सांगणं आहे. चिखलदऱ्याच्या काचेच्या स्कायवॉकची चर्चा आम्ही किती वर्षं ऐकतो आहोत. तो व्हावा, तरुण पोरांनी त्यावर चालावं, माझी ना नाही. पण त्याआधी प्रत्येक पॉइंटला पाठ टेकता येईल असे चार बाक ठेवा. चढणीवर एका बाजूने कठडा लावा. पाणी असलेलं, दाराला आतून कडी असलेलं स्वच्छतागृह बांधा. बाळापूरला मान आणि म्हैस नद्यांच्या काठी किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगांची देखणी छत्री आहे. नरनाळा आहे, मुक्तागिरीची बावन्न जैन मंदिरं आहेत. यांतली कुठलीही जागा पाहायची तर घरातल्या थकलेल्या माणसाला आधी खाली सोडून जावं लागतं. एका पायरीची उंची कमी केली तर एका घरातला एक माणूस वर येतो. असा हिशोब कोणी तरी करायला हवा.

मला ठाऊक आहे, यावर काय म्हटलं जाईल. पहिलं, सगळ्यांकडे शेत नसतं. खरं आहे. पण अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे दरवर्षी शिवारफेरी असते. पिकं पाहायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात, त्यांत शहरातल्या नातवाचं बोट धरलेले आजोबाही असतात आणि त्या दिवशी माहिती सांगायचा मान आजोबांचा असतो. श्रावणात पूर्णेचं पाणी घेऊन गांधीग्रामहून अकोल्याच्या राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी आहेत, पोरं चालतात, म्हातारी माणसं वाटेवर फराळ वाटतात. मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज आहे, तिथे संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला कोणाचेच गुडघे आड येत नाहीत. अमरावतीचा छत्री तलाव आहे, परतताना गिला वडा आहे. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा आहे. शेगावचा आनंदसागर पाहिलेल्यांना आठवत असेल, तळ्याकाठी बाक होते, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी छोटी झुकझुकगाडी होती. उद्यानसुद्धा आजीला धरून बांधता येतं, हे आपल्याच भागात घडलेलं आहे.

दुसरं, मुलांना थरार हवा असतो. हवा असतो, मान्य. नातवाला मी परत वॉटर पार्कला पाठवीन, त्याच्या आईबापाबरोबर, मित्रांबरोबर. तिथे अकरा जणांनी जायची गरज नाही. आणि मुलांना कंटाळा येतो म्हणाल, तर येऊ द्या. शेतावर नात सकाळी दोन तास तोंड पाडून बसली होती, कारण नेटवर्क नव्हतं. मी तिची समजूत घातली नाही. कंटाळा पिकू द्यावा लागतो. तो पिकला तेव्हा ती उठली आणि वांगी तोडायला गेली.

तिसरं माझ्या मुलाचं म्हणणं. तो म्हणाला, “आई, तुला हे छान वाटतं कारण तुझं बालपण त्यात आहे.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो कदाचित बरोबर असेल. पण त्याने वळलेला नववा रोडगा आजीने परत केला नाही, तेव्हाचं त्याचं तोंड मी पाहिलं आहे. त्यात माझं बालपण नव्हतं.

आता शेवटची गोष्ट. शेतावरून त्या दिवशी निघालो तेव्हा अंधार पडला होता. दर्यापूर ओलांडून म्हैसांगच्या पुढे आलो आणि आजींच्या संध्याकाळच्या गोळ्यांची आठवण झाली. पिशवी शोधली. नव्हती. कडुनिंबाखाली राहिली होती. दिवसभर सगळ्या पिशव्या तिथे पडल्या होत्या, त्यांच्यावर शेतातलं कुत्रं झोपलं होतं, आणि राखायला कोणी नव्हतं. आमचे हे वैतागले. गाडी वळवली, पुन्हा शेतापर्यंत उलटं गेलो. मुलगा म्हणाला, “आजी, तुझीच पिशवी, तुझं लक्ष नव्हतं का?”

सासूबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्यांच्या हाताला अजून राखेचा वास होता.

“मले कुठी टाइम होता बाप्पा,” त्या म्हणाल्या.